पहिल्या रविवारचं टपाल

गडमुडशिंगी,
२८ फेब्रुवारी २००७

प्रिय अमरसिंह,

तुला 'अहो' म्हणायची वेळ तू कधी येऊच दिली नाहीस, म्हणून अजूनही 'तू'च लिहिते. राग मानू नकोस. मानलास तरी चालेल, तुझे रुसवे काढायचे दिवस गेले.

आधी घरचं सांगते. संघप्रिया सहावीत आहे. बापासारखीच उंच होणार असं दिसतंय. आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, गुडघ्याचं दुखणं तसंच आहे. बयाबाई म्हटलं की अजून सगळी गल्ली दबकते, पण आता त्यांना न्हाणीपर्यंत धरून न्यावं लागतं. त्या अधूनमधून तुझी चौकशी करतात. मी सांगते, मजेत आहे.

संघप्रियाचा बाप, नागसेन, काश्मिरात लढताना गेला तेव्हा ती आठ महिन्यांची होती आणि मी एकवीस वर्षांची. तिरंग्यातून त्याला आणलं, बंदुका झाडल्या, पुढारी बोलून गेले. पुण्यानुमोदन झालं, मांडव निघाला आणि माझ्या वाट्याला फॉर्म उरले. कुणीतरी सांगितलं, स्टँडजवळ माजी सैनिकांच्या संघटनेचं मदत केंद्र आहे, तिथले कारकून सगळं भरून देतात. ते कारकून म्हणजे तू. मला न विचारताच तू शाईचं पॅड पुढं सरकवलंस, अंगठ्यासाठी. मी म्हटलं, पेन द्या, मी दहावी पास आहे. तू कानापर्यंत लाल झालास, आणि मला वाटलं, ज्याला लाज वाटते तो माणूस चांगला असणार. एवढी मोठी चूक मी आयुष्यात दुसरी केली नाही.

पेन्शन, कॅन्टीनचं कार्ड, संघप्रियाची शिष्यवृत्ती, सगळं तू केलंस. ते नाकारणार नाही, मी तुझ्यासारखी नाही. दोन वर्षांनी आपण गगनबावड्याच्या एसटीत शेजारी बसलो होतो. तू शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत होतास, आणि मीच लग्नाचं विचारलं. बायका विचारत नाहीत म्हणे. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "लगीन केलंस की पेन्शन बंद. मग म्हातारीचं औषध, पोरीची शाळा, कशावर भागवायचं? जरा दम धर की."

मला ते पटलं. नव्हे, तुझी माया वाटली. आत्याबाईंना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या औषधापायी तू जन्म जाळू नगंस. मी मुडशिंगीत भाकरी मागून खाईन, पर तू लगीन कर." अशा सासूला भाकरी मागायला लावून मी बोहल्यावर कशी चढणार होते? मी दम धरला. दर नोव्हेंबरात जिवंत असल्याचा दाखला द्यायचा आणि 'पुनर्विवाह केलेला नाही' या ओळीखाली सही करायची. फॉर्म तूच भरायचास, सही करताना टेबलाखालून माझा पाय दाबायचास. चार वर्षांत तू माझ्या घरचं पाणी मात्र प्यायला नाहीस. दर वेळी तुझा चहा आत्ताच झालेला असायचा. तेव्हा मला त्यात काहीच दिसलं नाही.

मग दोन हजार दोनच्या मे महिन्यात तू संयोगिताशी लग्न केलंस. कारगिलात गेलेल्या जवानाची बायको, पदरात एक मुलगा, आणि तुमच्या सोयरिकीतली. मला पत्रिकाही नाही. केंद्रात तुझा सत्कार झाला, वीरपत्नीला आधार दिलास म्हणून. शाल, नारळ, फोटो. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, माझी पेन्शन जाईल म्हणून अडून बसलास, हिची मात्र जाऊ दिलीस. एवढी आवडली म्हणायची. पण तुझ्याबद्दल वाईट शब्द तोंडातून काढला नाही.

गेल्या नोव्हेंबरात बँकेच्या रांगेत संयोगिता माझ्यापुढं उभी होती. ती मला ओळखत नव्हती. तिच्या फॉर्मवर पुनर्विवाहाच्या ओळीत 'होय' लिहिलेलं दिसलं, आणि मला राहवलं नाही. म्हटलं, बाई, ही ओळ चुकली, पेन्शन बंद पडेल. ती हसली. "न्हाय वो, चालूच हाय की. लढाईत गेलेल्यांच्या बायकांना दोन हजार एक सालापास्नं तसा नियमच हाय. आमच्या ह्यांनीच कागद दाखिवला, लग्नाच्या आधी. तुम्हांस्नी न्हाय सांगितलं कुणी?"

नाही सांगितलं. मी तशीच केंद्रात गेले, अध्यक्ष सुभेदार यल्लाप्पांना फाईल काढायला लावली. पत्रक तिथंच होतं, तुझ्या लग्नाच्या दहा महिने आधी आलेलं. आपल्या केंद्राची चाल तुला मी सांगायला नको: निम्म्या बायांना वाचता येत नाही, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आलेलं टपाल सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. वाचणारा तू. कॅन्टीनच्या साखरेचं वाचलंस, मुलींच्या वसतिगृहाचं वाचलंस, हे एकच पत्रक न वाचता फायलीत घातलंस. वाचलं असतंस तर मी तिथंच उभी राहून म्हणाले असते, आता तारीख काढ.

माझं तोंड बंद ठेवायला तू सगळ्यांच्या कानात बोळे घातलेस. चंदगडच्या शेवंताबाईला काजूच्या कारखान्यातल्या एका भल्या माणसानं मागणी घातली होती. पेन्शन जाईल म्हणून तिनं त्याला नाही म्हटलं. त्याचं दुसरीकडं लग्न झालं, आणि ती अजून एकटी भिंतीशी बोलते. तिला काय सांगशील?

पेन्शन हे निमित्त होतं, अमरसिंह. नागसेनच्या घरची, बुद्धवंदना म्हणणारी बाई तुला तुमच्या देव्हाऱ्यासमोर नको होती. एसटीत फिरायला चालत होती. तोंडावर तसं म्हणाला असतास तर चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते, सव्वीस वर्षांची होते, दुसरं कुणी भेटलं असतं. तू मला नाही म्हणायचं धाडसही केलं नाहीस. सरकारच्या नावानं नाही म्हणालास. हे मी तुला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

मी संयोगिताकडे तीनदा गेले, तू कामावर असताना. पहिल्यांदा तिनं मला दारातून घालवलं. दुसऱ्यांदा मी तू मला लिहिलेली जुनी पत्रं दाखवली, तुझं अक्षर तिनं ओळखलं. तिसऱ्यांदा तिनं मला जेवू घातलं आणि विचारलं, त्यांनी लग्न माझ्याशी केलं का माझ्या पेन्शनीशी? ते तुलाच माहीत.

म्हणून हे पत्र तुझ्या नावाचं असलं तरी केंद्राच्या पत्त्यावर टाकते आहे. तू ते वाचत नाहीस, ऐकतो आहेस. पहिला रविवार आहे, हॉल भरलेला आहे, आणि सुभेदारांनी आज टपाल वाचायला दुसरं माणूस उभं केलंय. बायांनो, आधी तुमच्या कामाचं ऐका: लढाईत गेलेल्या जवानाच्या बायकोनं पुन्हा लग्न केलं आणि मुलं सांभाळली, तर पेन्शन बंद होत नाही. शेवंताबाई, तुम्हीही ऐका. आणि अमरसिंह, उठू नकोस. वाचणारा आवाज तुझ्या रोजच्या ओळखीचा आहे. तिनं हे पत्र माझ्यासमोर दोनदा वाचून बघितलं, आवाज फुटू नये म्हणून. आता ती कागदाची घडी घालेल आणि माझ्या शेजारी येऊन बसेल. ती तुझ्याबरोबर घरी येणार का, ते मलाही माहीत नाही. इथंच विचार तिला, सगळ्यांसमोर.

एके काळी तुझीच म्हणवून घेणारी,
दीक्षा