माळ्यावर उतरलेले पावणे

ती. तानाआत्या हिच्या पायांशी,

चंदगडाहून संयोगिताचा दंडवत. इकडे मी खुशाल आहे, म्हशी खुशाल आहेत, आणि माळ्यावर जे राहायला आलेत तेही खुशालच असावेत, कारण त्यांची अजून काही तक्रार आलेली नाही. तुझा गुडघा कसा आहे? त्या मालिशवाल्याकडे जाऊ नकोस म्हटलं होतं, तरी गेलीस असं कळलं. (कुणाकडून ते विचारू नकोस.) फोन का केला नाही म्हणशील, तर तू फोन स्पीकरवर लावून भाजी निवडत बसतेस आणि माझी खबर जयसिंगपुरात तुझ्या गल्लीभर होते. म्हणून पत्र. हे एकटी असताना वाच, आणि उजेडात वाच.

तू धाडलेल्या स्थळाला मी उत्तर दिलं नाही म्हणून तुझा पारा चढला असणार. चढू दे, तुझा हक्कच आहे. बाबा गेल्यापासून मला वडीलधारं असं तूच एक. पण इथं काय झालं ते आधी ऐक. श्रावणात गोठ्यामागचा जुना फणस पावसानं कलला आणि थेट गोठ्याच्या छपरावर वाकून बघायला लागला. आज पडेल की उद्या, या काळजीत मला जेवण जाईना. ओळखीचे सगळे सुतार शेतात अडकलेले. शेवटी गावात नवाच आलेला एक मिळाला. कुरुंदवाडचा, नाव सम्राट. (हसू नकोस. सम्राटाकडे टेंपोभर हत्यारं आणि मोडक्या काडीची एक छत्री आहे.) नदीला पूर आला की त्याचं दुकान पाण्याखाली जायचं आणि लाकडं शेजारच्या गावाला, म्हणून कंटाळून डोंगर गाठलेला. माणूस उंच, बोलायला कमी. लाकडावरून हात फिरवतो तसाच म्हशीच्या पाठीवरून फिरवतो. माझी चंद्री, जी मलाही लाथ झाडल्याशिवाय दूध देत नाही, ती त्याच्यापुढे मान खाली घालून उभी राहिली. मला तिचा भारी राग आला. आणि आणखी एक, सगळा गाव मला आक्का म्हणतो, पण हा मला काहीच म्हणत नाही. नुसता खाकरतो. हे माझ्या पहिल्याच दिवशी ध्यानात आलं होतं, का ते मला विचारू नकोस.

तर आमच्याकडची रीत अशी की जुनं झाड तोडण्याच्या आदल्या दिवशी बुंध्याशी तांदूळ-नारळ ठेवायचा आणि आत जे कुणी राहत असतील त्यांना जागा सोडायला सांगायचं. कुठं जायचं तेही सांगावं लागतं, ओढ्यापलीकडच्या देवराईत जा म्हणून. झुंबरबाईनं (माझ्याकडे धारा काढायला असते ती, तिच्या जिभेला हाड नाही असं तूच म्हणाली होतीस) त्याला रीत सांगितली, पण पत्ता सांगितला नाही, कारण तो कुणालाही ठाऊक असतो असं तिला वाटलं. आता हा पुराच्या गावचा माणूस. त्याच्याकडे जागा सोडायला कसं सांगतात? त्यानं भर पावसात हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "पावणं, पोराबाळांस्नी घ्या आन् उंचावर कोरड्या जागंला जावा!" आत्या, तूच सांग, श्रावणात चंदगडात उंचावर कोरडी जागा ती कुठली? माझ्या गोठ्यावरचा वैरणीचा माळा.

दुसऱ्या दिवशी त्यानं फणस पाडला, आणि त्याच संध्याकाळी वर पावलं वाजली. उंदीर म्हणशील. मीही तेच म्हटलं. पण उंदीर जड काहीतरी ओढत आणून भिंतीला लावत नाहीत, आणि मग दमून बसल्यासारखे बसत नाहीत. खाली सगळ्या म्हशींनी रवंथ थांबवला आणि माना वर करून छताच्या एकाच जागेकडे बघायला लागल्या. मग ती जागा हळूहळू सरकली, आणि तिच्यामागं सगळ्या माना सरकल्या. माझ्या हातातली बादली कधी खाली आली ते कळलं नाही. तेव्हापासून वैरणीला पिकल्या फणसाचा वास येतो. आता दिवाळी होऊन गेली, तालुक्यात औषधाला फणस नाही, आणि माझ्या वैरणीला गऱ्यांचा घमघमाट! डेअरीवाला मला विचारतो, दुधात इसेन्स घालता का? (त्याला मी काय सुनावलं ते लिहीत नाही, तू वडीलधारी आहेस.) एकदा मी आणि झुंबरबाई धीर करून भल्या दिवसाउजेडी वर चढलो तर भाताचं पिंजर दबलेलं, माणसं झोपून उठावीत तसं. दोन मोठे खळगे आणि मध्ये एक लहान. झुंबरबाईनं लहान खळग्यात हात घातला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आक्का, ऊब हाय की गं. आत्ताच उठलंय लेकरू." मी शिडी कशी उतरले ते चंद्रीला विचार.

सम्राटला कळलं तेव्हा बिचारा पांढराफटक पडला. चूक माझी, निस्तरीन मी, एवढंच म्हणाला. तेव्हापासून रोज दिवेलागणीला येतो, शिडीच्या पायथ्याशी बसतो आणि वर तोंड करून त्यांची समजूत काढतो. ऐकत असलासा तर एकदा वाजवा, म्हणतो. आणि वरून फळीवर एकदा वाजतं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण माणसाला सवय कशाची होत नाही? आता मी भिंतीआड धार काढत ऐकते. माझ्याशी चार शब्द न बोलणारा हा माणूस वरच्यांशी घरचं सगळं बोलतो. आईचं, वाहून गेलेल्या दुकानाचं. एकदा म्हणाला, "मालकीण एकटी असत्यात. त्यांस्नी भ्या दावू नगा, माझ्या जिवाला घोर लागतोय." आत्या, मी त्या दिवशी रिकाम्या म्हशीची धार काढत बसले होते, दूध कधीच संपलं होतं.

आता त्यानं ओढ्यापलीकडे फणसाचं रोप लावलंय आणि त्यांना तिकडं बोलावतोय. ते गेले की त्याचं इथलं काम संपलं. गोव्यात कुणा हॉटेलवाल्याचं फर्निचर त्याची वाट बघतंय. तो गेला तर मला फार वाईट वाटेल. लपवून काय करू, लिहिलं झालं.

तुझी,
संयोगिता

ता. क. : जयसिंगपूरच्या स्थळाला नाही कळव, आणि मिळेल त्या एसटीनं इकडे ये. तुला भगत शोधायला नाही बोलावत, सम्राटला विचारायला बोलावते. मुलीनं आपल्या तोंडानं विचारायचं आपल्यात नाही, आणि तू कलेक्टरलाही काहीही विचारू शकतेस. जात सुतार. ओठ मुडपायचे तेवढे एसटीत मुडपून घे, इथं उतरताना सरळ असू देत.

आणखी ता. क. : वर लिहिलेलं एक खोटं आहे. पावणे कधीच गेले. रोप लावलं त्याच आठवड्यात वैरणीचा वास गेला, पिंजर थंड झालं, म्हशी खाली मान घालून खायला लागल्या. त्यानंतर जे वाजतं ते मी वाजवते. तो आला की मागच्या दाराशी दुसरी शिडी लावून माळ्यावर चढते आणि रवीच्या दांड्यानं फळीवर ठोकते. ते गेले असं त्याला कळलं तर तो टेंपो भरेल, म्हणून. झुंबरबाईला ठाऊक आहे, ती मला शिडी धरते.

पण काल चंद्री पान्हा चोरून अडून बसली होती. मी आणि झुंबरबाई दोघी तिच्यापाशी, माझे दोन्ही हात कासेला. मला वर जायला जमलंच नाही. आणि सम्राटनं पायथ्याशी बसून नेमकं कालच विचारलं, "मी हितंच ऱ्हायलो, मालकिणीसंगं, कायमचा, तर चालंल का हो त्यांस्नी?"

वरून एकदा वाजलं.

तो हसत भिंतीच्या कडेनं आला, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा मला नावानं हाक मारली. झुंबरबाईनं माझ्या हातांकडे बघितलं, मी तिच्या. उत्तर माझ्याच मनातलं होतं, आत्या, पण दिलं कुणी ते मला ठाऊक नाही. तू लवकर ये. पोराला होकार गेलाय, आणि मुलीकडून बोलायला अजून माणूस बसलेलं नाही.