नातीच्या पँटची कंबर

४ मार्च
आज पुन्हा उसवून सैल केली. नातीच्या गणवेशाच्या पँटची कंबर – तिसऱ्यांदा! ती बस चालवते. शिवतानाच मी आत माया सोडली होती, म्हणजे जास्तीचं कापड. ती आंघोळीला गेली की मी मशीन गाठतो. तिला कळायला नको. आधीच हनुवटीवर केस, मान काळवंडलेली, पाळी महिनोन्‌महिने बेपत्ता. त्यात पँट आवळली तर जेवणच सोडेल.

चोरी केल्यासारखं वाटतं. पण चोरी कसली? कापड माझं, नात माझी!

६ मार्च
आक्का आली होती. माझी थोरली बहीण. जिभेला अजून धार. गळ्याशी तोच रुमाल, हनुवटी झाकेल असा, भर उन्हाळ्यातही – घसा धरतो म्हणे. नातीला म्हणाली, "दाढी आली की गं बाई! आता बस नको, ट्रकच चालव."

नातीने ताट सारलं.

मी म्हणालो, "आक्का, तोंड आवर." जन्मात पहिल्यांदा! पाळणा हलला नाही म्हणून सासरच्यांनी तिला माघारी पाठवलं, तेव्हापासून ती कडू झाली. मान्य. पण म्हणून दुसऱ्याच्या घासात माती कालवायची?

९ मार्च
नात डेपोत चक्कर येऊन पडली. बस सुरू करायच्या आधी – नशीब! पोरगी उपाशी राहत होती. साहेब म्हणाले, डॉक्टरने सांगितल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

म्हटलं, पाळीचंही दाखवून घेऊ. आक्का म्हणते, "बायकांच्या डॉक्टरकडे? लग्नाआधी? लोक काय म्हणतील!"

म्हणू देत. लोकांच्या पँटी मीच शिवल्यात. कोणाचं पोट किती सुटलंय, मला ठाऊक आहे.

११ मार्च
दवाखान्यात सगळ्या बायका आणि मी एकटा म्हातारा. कुठे बघू कळेना. नातीने दंडाला धरून आत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कपडे कधीपासून घट्ट व्हायला लागले?"

"झालेच नाहीत. दोन वर्षं हीच पँट घालते."

बाई ते लिहून घेऊ लागल्या. मी उठलोच. "ती खरं बोलते, पण ते खोटं आहे! कंबर मी वाढवली. तीनदा."

"आजोबा!!"

डॉक्टरीणबाई हसल्या. मग मला कळेल असं सांगितलं. अंगात इन्सुलिन आहे, पण त्याचा हुकूम चालत नाही, म्हणून शरीर आणखी बनवतं. त्याने अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढतं. म्हणून केस, म्हणून पाळी चुकते, वजन चढतं. पुढे साखरेची भीती. आळस नाही, पाप नाही. उपास तर अजिबात नको – नीट जेवायचं, चालायचं, गोळ्या घ्यायच्या. मूलही बहुतेकींना होतं, कधी औषधाची मदत लागते.

"घरात आणखी कोणाला असं होतं?"

"कोणालाच नाही!" मी ठणकावून सांगितलं.

१२ मार्च
संध्याकाळी नातीने पँट माझ्या मांडीवर टाकली. "यापुढे मला सांगून उसवायची."

"बरं."

दोघं जेवलो. तिने भात दुसऱ्यांदा घेतला नाही, पण पहिला संपवला.

१५ मार्च
डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवर नात कामावर रुजू! मी तडक आक्काचं दार गाठलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं उंबऱ्यातूनच ऐकवलं – केस, पाळी, साखर, मूल – मोठ्याने. शेजारची खिडकी उघडली. उघडू दे! "पोरीला पुन्हा बोललीस तर मला बहीण नाही," म्हणालो.

आक्काने दार लावून घेतलं. चांगली जिरली!

१६ मार्च
आक्का आली. नातीशेजारी बसली. गळ्याचा रुमाल सोडून मांडीवर ठेवला. हनुवटीवर पांढरे खुंट, जुने व्रण. माझ्याकडे बघितलंच नाही.

"ती डॉक्टरीण," नातीला म्हणाली, "म्हाताऱ्या बायकांना बघते का गं?"