जामीनदाराची पत

१४ जुलै २००९
श्रुतीला फिजिओथेरपीला ॲडमिशन! फी महिनाअखेर. एज्युकेशन लोन काढायचं, त्यावर बापाची सही लागते म्हणे. सही म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. राजारामपुरीत निम्म्यांची कर्जं माझ्या जामिनावर उभी हायत.

१७ जुलै
बँकेच्या तेजस्वी मॅडम म्हणाल्या, तुमचा क्रेडिट स्कोअर फार कमी आहे. कबनूरच्या माझ्या दोस्तानं, बाळासोनं, यंत्रमागाच्या कर्जाचे हप्ते थकवलेत, जामीनदार मी, म्हणून ते माझ्या नावावर दिसतात. शिवाय माझं क्रेडिट कार्डही थकलंय. मी म्हणालो, लोक जामिनाला मलाच बोलावतात, म्हणजे पत केवढी असेल बघा की. मॅडमनी पुढच्या माणसाला बोलावलं. पटलं असावं.

१८ जुलै
आजपासून स्कोअर वाढवणे. कार्डाचं मिनिमम ड्यू भरलं. बाकीचं त्यांना नको असणार, नाहीतर मिनिमम कशाला छापलं असतं?

२० जुलै, दुपारी ४
दिसेल त्या बँकेत लोनचा अर्ज टाकला. आपलं नाव सगळीकडं झालं पाहिजे.

२४ जुलै
सगळीकडून नकार. मॅडम म्हणतात, एवढ्या अर्जांनी स्कोअर आणखी उतरला. असली कसली पद्धत ही? डोकं फिरलं.

२६ जुलै, रविवार
बाळासोला झापायला कबनूरला गेलतो. त्यानं मटणाचं ताट वाढलं. जेवताना हप्त्याचा विषय कसा काढायचा? हात धुतल्यावर त्यानंच नव्या मागाच्या जामिनाचा कागद पुढं केला. मटण खाऊन न्हाय म्हणायला मी काय परका हाय? केली सही. तसा फायदाच. माझी सही अजून चालते हे बँकेला कळेल.

२८ जुलै
बायको बोलत न्हाय. श्रुतीनं विचारलं, पप्पा, होईल न्हवं? व्हय की, म्हटलं. कुठल्या बाजूनं सुटावं कळेना झालंय.

३१ जुलै
लोन झालं. कर्जावर माझ्याऐवजी बायकोची सही, जामीनदार तिचा भाऊ, कोडोलीचे भाऊसो. मीपण इस्त्रीचा शर्ट घालून गेलतो. मॅडमनी जामिनाचा कागद टेबलावर ठेवला. सवयीनं मी खुर्ची पुढं ओढली. मॅडम हळूच म्हणाल्या, तुमची नको.
भाऊसोंकडं पेन नव्हतं. श्रुतीनं माझ्या खिशातलं काढून त्यांना दिलं.