अर्ध्या नदीपर्यंत ईद

आदरणीय मामा यांस,

मेदूनचा सलाम. रात्र सुखाची गेली ना? दिवस सुखाचा गेला ना? मामी कशी आहे, तिचा गुडघा कसा आहे, शेळ्या कशा आहेत, मशिदीची गळकी बाजू दुरुस्त झाली का? आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. मी तर जरा जास्तच खुशाल आहे, कारण दोन देशांमधलं भांडण मी मिटवलं. (रेडिओवर माझं नाव घेतलं नाही. परराष्ट्र खात्यात काम करणाऱ्याला त्याची सवय असते.)

न्दार बंदरातले आपले काही कोळी माशांच्या मागे लागून नदीपलीकडच्या देशाच्या पाण्यात शिरले आणि होड्यांसकट धरले गेले, हे तुम्ही ऐकलंच असेल. बोलणी करायला मला पाठवलं. निघताना आमचे संचालक थियाम साहेब म्हणाले, "मेदून, धर्म मध्ये आणायचा नाही. ते लोक गोष्ट धर्मावर नेतात आणि मग आपल्याला नाही म्हणता येत नाही." मी म्हटलं, साहेब, निर्धास्त राहा. पलीकडच्या बाजूने बोलायला हमादी साहेब होते. उंच, गोड बोलणारे, आणि चहाचा तिसरा पेला होईपर्यंत मुद्द्यावर न येणारे. शेवटी ते म्हणाले, आमच्याकडे ईदच्या दिवशी कैद्यांना माफी देतात, तेव्हा तुमचे कोळीही त्याच दिवशी सोडू. मी ताबडतोब लिहून घेतलं: "कोरितेच्या दिवशी, म्हणजे रमजान ईदला, कोळी व होड्या परत." दोघांनी सह्या केल्या. धर्म मध्ये आणला असं मला मुळीच वाटलं नाही. मी फक्त तारीख घातली होती.

आता मामा, चंद्राचं तुम्हाला मी काय सांगावं! एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी पलीकडच्यांना चंद्र दिसला. आपल्याकडे ढग. आपल्या चंद्रसमितीने रेडिओवरून सांगितलं की उद्याही रोजा. सकाळी मी सरकारी लाँच घेऊन पलीकडे गेलो, तर धक्क्यावर सगळा गाव नव्या झब्ब्यांत, आणि हमादी साहेबांच्या अंगणात अख्खा मेंढा भातावर निजवलेला. माझ्याबरोबर कुम्बामावशी होती, मासे सुकवणाऱ्या बायकांची पुढारी. तिचा मुलगा इस्सा धरलेल्या कोळ्यांत होता. तिला लाँचमध्ये मी घेतलं नव्हतं, ती येऊन बसली होती.

"ईद मुबारक! या, हात धुवा," हमादी साहेब म्हणाले.

मी म्हटलं, आमचा उपास आहे. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे आमचा चंद्र खोटा?"

"खरा आहे, साहेब. फक्त आमच्याकडे आला नाही." (हे उत्तर मला अजूनही आवडतं.)

"मग तुमच्या मते आज ईद नाही. ईद नाही तर सुटका नाही. उद्या या." पण उद्या त्यांची ईद झालेली असणार, आणि तुरुंगाचे अधिकारी सणाच्या सुट्टीवर उंट बघायला वाळवंटात जाणार. ते परत कधी येतील हे उंटांनासुद्धा माहीत नव्हतं. मी थियाम साहेबांना फोन लावला आणि आजच ईद आहे असं मान्य करू का म्हणून विचारलं. ते ओरडले, "खबरदार! इकडे राष्ट्राध्यक्ष उपाशी आहेत! तू तिकडे ईद मान्य केलीस तर ते काय उगाच उपाशी आहेत?"

अंगणासमोरच्या तुरुंगाच्या जाळीतून इस्सा दिसत होता. पोरगा अर्धा झाला होता. कुम्बामावशीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेला ना रे? मग बस इथे शिकलेल्यासारखा," असं म्हणून ती माझीच लाँच घेऊन निघून गेली. परत आली ती वयोवृद्ध तिएर्नो यांना घेऊन. आपल्या काठावर राहणारे हे कुराण शिकवणारे गुरुजी, पण शागीर्द दोन्ही काठांवर. त्यांना पाहताच हमादी साहेब पायातल्या वहाणा काढून उभे राहिले. लहानपणी त्यांनीही याच हातची छडी खाल्लेली.

तिएर्नोंनी चहा घेतला नाही, गालिच्यावर बसलेही नाहीत. "कोळी कुठे आहेत?"

"इथेच, गुरुजी."

"इथे आज काय आहे?"

"ईद."

"मग सोड त्यांना. आणि तू," काठी माझ्याकडे वळली, "तू कुठे उभा आहेस?"

"इथेच."

"पाय जिथे, चंद्र तिथला. हात धू आणि जेव."

मी विचारलं, परत गेल्यावर? "परत गेल्यावर उपास. खाल्लेलं कोणी परत मागत नाही."

मामा, मी जेवलो. देशासाठी जेवलो. तुरुंगाचं दार उघडलं. कुम्बामावशीने इस्साला आधी एक चापट मारली आणि मग त्याला इतकं घट्ट धरलं की शिपायाला दुसरीकडे बघावं लागलं. हमादी साहेबांनी उरलेला मेंढा पातेल्यात भरून दिला. परतताना सगळे कोळी त्या पातेल्याभोवती, आणि नावाडी ओरडतोय, "आटपा, सरहद्द आली!" कारण अर्ध्या नदीपर्यंत ईद आणि पुढे उपास. "अरे हळू चालव, पोराचं पोट भरलं नाही अजून!" कुम्बामावशी गरजली आणि इस्साच्या तोंडात घासामागून घास कोंबत राहिली. नावाड्याने इंजिनच बंद केलं. प्रवाहाने आम्हाला सरहद्दीवर आडवं करून ठेवलं, आणि पातेलं रिकामं होईपर्यंत दोन्ही देशांपैकी कोणीही हरकत घेतली नाही.

धक्क्यावर थियाम साहेब उभे होते. त्यांनी हात मिळवला, आणि मग बराच वेळ आपला हात नाकाजवळ धरून ठेवला. परराष्ट्र धोरण कसं चालवावं हे मला आता पुरतं समजलं आहे, आणि यापुढे कुठेही अडचण येणार नाही अशी माझी खात्री आहे.

मामीला, शेळ्यांना आणि सर्व शेजाऱ्यांना सलाम.

आपला भाचा,
मेदून

ता.क. जेवण इतकं छान झालं की हात धुता धुता हमादी साहेबांनी आणि मी करारात आणखी एक कलम घातलं: "यापुढे दोन्ही देश ईद एकाच दिवशी साजरी करतील." सही केल्यावर लक्षात आलं की हे माझ्या खात्याच्या हातात नाही. थियाम साहेबांनी ते पान अजून वाचलेलं नाही.

ता.ता.क. तुमची चंद्रसमितीवर नेमणूक झाल्याचं आईकडून कळलं. मनापासून अभिनंदन. बकरी ईदचा चंद्र पलीकडे ज्या दिवशी दिसेल, त्या दिवशी मी तुम्हाला फोन करीन. फोन आला की कृपा करून बाहेर येऊन वर बघावं. ढग असले तरी बघावं.

ता.ता.ता.क. नवा चष्मा या पत्राबरोबर पाठवला आहे.