बेकरीवाले पाहुणे

प्रिय धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. निदान हे कापता तरी येणार नाही!

बँकेतून निवृत्त झाले आणि गप्प बसवेना. आता दर शनिवारी शेजारच्या शाळेत सातवीच्या मुलांना पैसा, नोकरी आणि धंदा शिकवते, तेही फुकट. पहिल्या तासाला चक्रवाढ व्याज काढलं, तर मागच्या बाकावर एकजण चक्क घोरायला लागला. मग मी फळा सोडला आणि म्हटलं, स्वतःच धंदा करून बघा. शाळेच्या जत्रेत गटागटाने दुकानं मांडली. साबणवाल्यांचा माल तासाभरात संपला. पुठ्ठ्याचे पेनस्टँड करणाऱ्यांचे मात्र दोनच विकले गेले, आणि त्यातला एक मीच घेतला होता.

त्या गटाची म्होरकी म्हणजे आमची वकिलीणबाई. वर्गात सगळ्यांशी वाद घालते म्हणून हे नाव. मला वाटलं, आता रडारड होणार. पण ही कमरेवर हात ठेवून वर्गापुढे उभी. म्हणाली, "आमचा धंदा बुडाला. पेनस्टँड सगळ्यांकडे आधीच आहेत, हे आम्ही कुणाला विचारलंच नाही." वर्गाने अशा टाळ्या वाजवल्या की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

टाळ्या थांबल्यावर ती माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही पाहुणे म्हणून डॉक्टर आणलेत, हॉटेलवाले आणलेत. सगळे जिंकलेलेच. दुकान बंद पडलेलं कुणीच तुमच्या ओळखीचं नाही?"

मी म्हटलं, "आहे ना. माझा सख्खा भाऊ."

मग काय, तोंड थांबेचना. तुझी भट्टी, पहाटे गल्लीभर सुटणारा पावाचा वास, समोर मोठं दुकान आल्यावर तू दिलेली झुंज. शटर ओढण्याआधी चारही कारागिरांना तू दुसरीकडे कामाला लावलंस, हेही सांगितलं. घरात आपण सगळे या विषयावर आवाज खाली आणतो. तिथे मात्र माझा आवाज चढतच गेला. मग मुलांच्या प्रश्नांची झुंबड उडाली: दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय केलं त्यांनी? परत करावंसं वाटतं का? पाव फुगतो कसा? यातल्या एकाचंही उत्तर मला येत नाही रे.

म्हणून तुला न विचारता शब्द देऊन बसले आहे: येत्या शनिवारी तू येणार. पाहुण्यांचं काम फळ्यावर लिहायची आमची पद्धत आहे. मी 'माजी बेकरीवाले' लिहिलं. वकिलीणबाई उठली आणि 'माजी' पुसून टाकलं. म्हणाली, "त्यांना पाव करता येतो ना अजून? मग माजी कशाला?" तू ये आणि तिला उत्तर दे.

वाट पाहणारी, तुझीच,
ताई