जयराजच्या गॅलरीपेक्षा दोन फूट उंच

८ जानेवारी, सेलम
आणि हसायचं तरी काय कारण होतं? वर्ष होत आलं, मी विसरलेलो नाही. गेल्या जत्रेत चुलतभाऊ जयराज त्याच्या नव्या गॅलरीत चहा पीत उभा, मी खाली. अख्ख्या आळीसमोर हसत म्हणाला, सोनं गाळतोस गड्या, पण वरनं तुझ्या पत्र्यावरची दगडं मोजता येत्यात. कुपवाडला कारखान्यात सुपरवायझर झाला म्हणून एवढा माज.
गावी आमचंही घर बांधायला घेतलंय. खाली दोन खोल्या, वर गॅलरी. त्याच्यापेक्षा दोन फूट उंच. या जत्रेला चहा मी पिणार. वरून.

२१ जानेवारी
पाया झाला, पुढं काम बंद. गवंडी नाथाजी म्हणतो, कागदावर जिना हाय तिथं चिंचेचं झाड हाय. कागद मीच काढलेला. पण झाड त्याला आधी दिसायला नको?

२३ जानेवारी, दुपार
भट्टी तापेपर्यंत व्हिडिओ बघितला. बेंगलोरचा एक साहेब. मोठ्या कंपन्या आता सगळं आधी ठरवत नाहीत. पंधरा दिवसांचं काम करायचं, वापरणाऱ्याला दाखवायचं, तो म्हणेल तसं पुढचं बदलायचं. या पद्धतीला अजाईल म्हणतात. सातवी शिकलो, तरी एका बैठकीत समजलं. जयराजला जन्मात समजायचं नाही.
काम निम्म्यात असताना पद्धत बदलायला डेरिंग लागतं.

२६ जानेवारी
आबांना फोनवर समजावलं. म्हणाले, म्हंजी मेंढरामागं असताना सांजच्याला चारापाणी बघून उद्याचा मुक्काम ठरवायचो, तसं? म्हटलं, आबा, हे कंपनीचं, वेगळं. म्हणाले, बरं, वेगळं.
नियम: पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉल. बहुमत चालणार. मतं आबा, आई आणि माझं. नाथाजी रुसू नये म्हणून एक त्याला.
तंबाखू आजपासून बंद. उद्यापासून.

९ फेब्रुवारी
पहिला कॉल. जिना पुढं घेतला, चिंच वाचली, भिंती चार फूट. पद्धतीचा गुण. भिंतीवर चिठ्ठ्यांच्या तीन रांगा दिसल्या. करायचं, चाललंय, झालं. हे मी सांगितलं नव्हतं. फोन कोण धरतंय विचारलं. आई म्हणाली, आपलाच माणूस हाय, तू बोल.
माणूस कामाचा आहे. फोन जरासुद्धा हलला नाही.

२३ फेब्रुवारी
आई म्हणाली, वर कोण चढणार, माझं गुडघं गेलं, न्हाणी घरात घ्या. तीन विरुद्ध एक. गॅलरीची निम्मी सळई न्हाणीला गेली. बदलाला भ्यायचं नाही, साहेब म्हणालाच होता. गॅलरी लहान झाली, पण उंची तीच. चहाला एक माणूस मावला की झालं.

९ मार्च
आबा म्हणाले, कोकरांना ऊन लागतंय, जिन्याच्या जागी आडोसा करा. तीन-एक. मग गॅलरीत जायचं कसं? नाथाजी म्हणाला, शिडी लावा की.
तेवढ्यात फोन धरणारा खाकरला. ते खाकरणं मी ओळखतो.

११ मार्च
आईनं कबूल केलं. जयराजच. दर सुट्टीला गावी आला की पहिला आमच्याकडं, चिठ्ठ्या हलवायला. त्याच्या कारखान्यात तीन वर्षं हीच पद्धत आहे म्हणे.
आता सोडत नाही. त्याला काढायचा ठराव मांडणार. मुद्दे: एक, त्याला मत नाही. दोन, तो हसला होता.

२३ मार्च
ठराव पडला. तीन-एक. आबा म्हणाले, आवं साहेब, त्यानं सुट्ट्या घातल्या तवा भिंती उभ्या ऱ्हायल्या. लेकाला साहेब म्हणाले.
वर दुसरा ठराव. गॅलरी रद्द, तिथं पाण्याची टाकी. नाथाजीनं मोजून सांगितलं, जयराजच्या गॅलरीपेक्षा दोन फूट उंच. म्हणजे जिंकलो. एवढ्या उंचीवरनं पाणी जोरात पडतं, म्हणून एक नळ जयराजच्या घरात द्यायचा ठरलं. त्याच्याकडं उन्हाळ्यात पाणी चढत नाही.

६ एप्रिल
पुढच्या आठवड्यात वास्तुशांत, लगेच जत्रा. भट्टीच्या मालकानं सुट्टी दिली नाही. मानाचा फेटा कुणाला, तर जयराजला. म्हटलं, मत घ्या. आई म्हणाली, घेतलं, तुझा फोन लागंना. आबा म्हणाले, तू असतास तर त्याला तूच बांधला असतास, आता पैसं तरी तुझं असू देत. फोन तोच धरून होता. हलला नाही.
म्हटलं, भारीतला घ्या. त्याच्या डोक्यावर कायतरी माझं बसलंच पाहिजे.
पाठवतोय: एकवीसशे रुपये.