कुंची आधीच पाठवतेय

प्रिय गोजे,

पत्राला आधी 'प्रिय' लिहायचं असतं, असं साक्षरतेच्या वर्गातले गुरुजी सांगतात. लिहिलं. माझं जन्मातलं हे पहिलं पत्र, आणि ते पणतू झाल्यावर लिहायला मिळतंय, म्हणजे बघ तुझी आजी किती नशिबाची! मुलगा झाल्याचा निरोप आला तेव्हा मी कांदे निवडत होते. तशीच उठले आणि सगळ्या आळीत साखर वाटून आले. शेजारची कौशल्याबाई म्हणाली, अंबूबाई, पदराला कांद्याची सालं लटकत्यात की. म्हटलं, लटकू दे, पणजी झाले मी. नाक कुणावर गेलंय गं? आपल्याकडचं नसू दे म्हणजे झालं. टाळूला तेल घालतेस ना? आणि जावईबापूंना पिंपरीच्या कारखान्यातून बाळ बघायला रजा मिळाली की नाही?

खरं तर पहिलं बाळंतपण आमच्याकडे व्हायचं. मी बाज आवळून ठेवली होती, शेगडी लिंपून ठेवली होती. पण तुला आणायला तुझ्या सासरच्या उंबऱ्यात उभं राहायचं तोंड कुणाला उरलं होतं? शेगडी तशीच कोपऱ्यात आहे. जाता येता दिसते आणि मी दुसरीकडे बघते.

तुझ्या सासऱ्यांनी, भिमाजीरावांनी, पाणी उपसायला ओढ्यावर तेलाचं इंजिन बसवलं, तेव्हा ते मला म्हणाले होते, आत्याबाई, नारळ तुमीच फोडा. आठवतं? खोबरं इतकं गोड निघालं की पोरांनी करवंट्यासुद्धा चाटल्या. तेव्हापासून सकाळी ओढ्यापलीकडून फटफट ऐकू आली की मी समजायचे, गोजीच्या घरी सगळं ठीक आहे. तुझ्या भावाला, ज्योतीरामला, मात्र तीच फटफट खुपायला लागली. डोह आटत चालला होता, आपले कांदे माना टाकत होते, हे काही खोटं नाही. पण भिमाजीराव आपण होऊन आले होते, एक दिवस तुमी पाणी घ्या, एक दिवस आमी, म्हणाले होते. ते गेल्यावर ज्योतीराम मला म्हणतो, बहिणीच्या सासरी पाण्यासाठी हात पसरू व्हय? आणि सगळे भाकरी खायला गेले असताना इंजिनाच्या तेलात ओंजळभर वाळू ओतून आला. त्यांचा गडी चिंचेखाली पडला होता, त्याने पाहिलं. इंजिन आतून खरवडून निघालं म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कितीतरी वेळ कान देऊन बसले होते.

मग चाकणहून पोलीस आले. हवालदार आपल्या ओट्यावर बसला, मी त्याला चहा नेला. बायका पाण्याचं निमित्त काढून दारावरून जात होत्या, रिकाम्या घागरी घेऊन. आता खेडच्या कोर्टात फौजदारी चालू आहे. वकील म्हणतात, दुसऱ्याच्या वस्तूची जाणूनबुजून नासाडी केली की दंड होतो, दोन वर्षांपर्यंत तुरुंगही होतो. मात्र ज्याचं नुकसान झालं त्याने स्वतः 'आमचं मिटलं' म्हटलं, तर सुटका होऊ शकते.

तेवढं एक तुझ्या बापाने आणि भावाने धरून ठेवलंय. बारशाला बाळंतविड्याची कुंची घेऊन यायचं, ती मी भिमाजीरावांच्या हातात द्यायची, आणि त्यांनी ती घेतली रे घेतली की ज्योतीरामने सगळ्या पाहुण्यांदेखत त्यांचे पाय धरायचे. बाळाच्या आजोळचं हातात घेऊन कोण नाही म्हणेल? तुझा बाप म्हणतो, आई, तुला ते मानतात. मानतात गं, म्हणून तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. त्यात काल कळलं, ज्योतीरामने तुलाही सासऱ्यांना विनव म्हणून निरोप धाडला होता, आणि ओली बाळंतीण तू सासऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडलीस. गोजे, वाळू ओतली त्याने आणि वाकायचं तू?

ज्योतीराम माझाही आहे. लहानपणी माझ्याच कुशीत झोपायचा. तो तुरुंगात जावा असं मला तरी कसं वाटेल? तरी घरात कुणाला न विचारता ही कुंची आजच कासारीण गवराबाईंच्या हाती पत्राबरोबर पाठवतेय. हिरवा खण माझ्या जुन्या चोळीचा आहे, गोंडा नवा आहे. बारशाची वाट पाहू नकोस, आजच बाळाला घाल आणि घरात सगळ्यांना दाखव. मग बारशाला आम्ही मोकळ्या हातांनी येऊ. द्यायला काही नसलं की मागायलाही आडोसा राहणार नाही. भिमाजीरावांना काय सांगायचं ते कोर्टात सांगू देत. सोडलं तर त्यांचं मन मोठं. नाही सोडलं, तर तू त्यांच्या ताटात पूर्वीसारखीच भाकरी वाढ, आणि पुन्हा कुणासाठी वाकू नकोस.

तुझीच, पणजी झालेली
अंबूआजी